घोडखिंड : घाटाखालून पाहताना

पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंतची वाट दर पावसाळ्यात हजारो माणसे चालतात. पुसाटी बुरुजाकडून उतरायचे, म्हाळुंगे, मसाईचे पठार, कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, पाटेवाडी अशा वस्त्या मागे टाकत दुसऱ्या दिवशी पांढरेपाणी गाठायचे, खिंडीत डोके टेकायचे आणि वाहनाने परत फिरायचे, असा शिरस्ता आहे. तिशीत असताना मीही दोनदा असाच गेलो. रत्नागिरीहून एसटीने आंबा घाट चढून कोल्हापूर, तिथून पन्हाळा, आणि मग पायी पश्चिमेकडे. दुसऱ्या खेपेला पांढरेपाण्याच्या अलीकडे एका बांधावर पायांतल्या जळवा काढत बसलो होतो, तेव्हा एक साधी गोष्ट ध्यानात आली. दीड दिवस चालून आपण घराच्याच दिशेने आलो आहोत. खिंडीपुढे विशाळगड आणि विशाळगडाच्या पायथ्याला आमच्या जिल्ह्यातला लांजा तालुका. म्हणजे ज्या लढाईची गोष्ट आम्ही लहानपणापासून देशावरची म्हणून ऐकली, तिचा शेवट आमच्या उंबऱ्याशी झाला होता.

मग पुढचा प्रश्न आपोआप आला. पन्हाळ्याच्या टोकाला सिद्दी जौहर होता, मध्ये बाजीप्रभू होते; पण विशाळगडाच्या टोकाला, आमच्या बाजूला, त्या दिवशी कोण उभे होते?

मी पेशाने हिशेबनीस. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. मोडी शिकलो तो पस्तिशी उलटल्यावर, रविवारच्या वर्गात. त्यामुळे या लेखात नवा कागद उजेडात आणल्याचा दावा नाही. प्रसिद्ध झालेली साधने शेजारी शेजारी ठेवून आणि ती जागा पुन्हा पुन्हा चालून जे दिसले, ते मांडतो आहे. हिशेब तपासणाऱ्याला एक सवय असते. जमेची बाजू पाहिली की तो लगेच खर्चाचे पान उलटतो. घोडखिंडीच्या गोष्टीत ते दुसरे पान रत्नागिरीत आहे, एवढेच माझे म्हणणे.

शार्वरी संवत्सरातली रात्र

आधी सर्वांना माहीत असलेला भाग थोडक्यात. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली अफजलखान मारला गेला आणि त्यानंतर अठरा दिवसांत पन्हाळा स्वराज्यात आला. खेळणा याच मोहिमेत हाती आला आणि त्याचे नाव विशाळगड झाले. आदिलशाहीने उत्तर म्हणून कर्नूलकडचा सरदार सिद्दी जौहर याला सलाबतखान हा किताब देऊन पाठवले. मार्च १६६० पासून पन्हाळ्याला वेढा पडला. याच काळात शायिस्तेखान पुण्यात येऊन बसला होता आणि जूनमध्ये त्याने चाकणला वेढा घातला. एका हाताला विजापूर, दुसऱ्या हाताला मोगल. महाराजांनी पन्हाळ्यावर अडकून राहणे म्हणजे सगळे राज्यच अडकणे होते.

शके १५८२, आषाढी पौर्णिमेच्या रात्री महाराज गडाखाली उतरले. शिवा काशीद दुसऱ्या पालखीत बसून वेगळ्या वाटेने गेले, पकडले गेले आणि प्राणांस मुकले. सिद्दी मसूद पाठलागावर निघाला. गजापूरच्या घोडखिंडीत हिरडस मावळातल्या बांदलांच्या लोकांनी तो अडवला. बांदलांचे देशकुलकर्णी बाजीप्रभू तिथे पडले. महाराज विशाळगडावर पोहोचले. सहाशे माणसे, त्यांतली तीनशे खिंडीत, गडावरून तोफांचे आवाज हा तपशील बखरींनी आणि परंपरेने आपल्याला दिला. जेधे घराण्याच्या कागदांतली नोंद मात्र फार तुटक आहे. महाराज उतरून खेळण्यास गेले, बांदलांनी शर्थ केली, बाजीप्रभू पडले, इतकाच तिचा मतितार्थ. ही जेधे शकावली १९१६ साली लोकमान्य टिळकांनी प्रसिद्ध केली. टिळकांचा जन्म रत्नागिरीचा. घोडखिंडीचा सर्वांत विश्वासार्ह कागद छापखान्यात नेणारा माणूस घाटाखालचा होता, ही गोष्ट मी इथल्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो.

तिथीबद्दल दोन शब्द. १२ आणि १३ जुलै या तारखा आपण पाठ केल्या आहेत. त्या जुन्या, ज्यूलियन कालगणनेतल्या आहेत. शिवकालाच्या तारखा तशाच देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. राज्याभिषेकाची ६ जूनही तशीच. आजच्या कॅलेंडरने ती पौर्णिमा २२ जुलैला येते. म्हणजे १२ जुलैला निघणारी पदभ्रमण मंडळी त्या रात्रीपासून दहा दिवस अलीकडे असतात, आणि बहुतेक वर्षी आकाशात पौर्णिमाही नसते. हा शब्दच्छल नव्हे. पौर्णिमा निवडण्याला अर्थ होता. दाट ढगांमागे चंद्र असला तरी आषाढातली पौर्णिमेची रात्र अमावास्येइतकी आंधळी नसते. पायाखालची वाट अंधुक दिसते, पण शंभर हातांवरचा माणूस पावसात ओळखू येत नाही. पळणाऱ्याला इतकेच हवे असते. त्या संवत्सराचे नाव शार्वरी. शर्वरी म्हणजे रात्र.

खालची माणसे

आता उलटे पान. पन्हाळ्याच्या वेढ्यात तटावर तोफगोळे टाकणारे इंग्रज कुठून आले होते? राजापूरच्या वखारीतून. आजच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूर बंदरात ईस्ट इंडिया कंपनीने १६४९ च्या सुमारास वखार घातली होती. तिचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन आपल्या काही माणसांसह, दारूगोळा घेऊन, सिद्दी जौहरच्या मदतीला पन्हाळ्याखाली गेला आणि तिथे त्यांनी आपले निशाण फडकवून गोळे उडवले. ही बातमी आपल्याला मराठी बखरीने दिलेली नाही; कंपनीच्याच पत्रव्यवहारात ती आहे, आणि या उद्योगाबद्दल नंतर वरिष्ठांनी वखारवाल्यांना दोष दिल्याचेही त्यात दिसते. व्यापाऱ्याने निशाण लावून दुसऱ्याच्या लढाईत उतरायचे नसते, हे कंपनीला कळत होते.

दुसरे टोक विशाळगडाचे. महाराज खिंड ओलांडून गडाकडे गेले तेव्हा गड मोकळा नव्हता. त्यालाही आदिलशाहीच्या बाजूने वेढा होता. तो घालणारे दोघे सरदार शृंगारपूरचे सूर्यराव सुर्वे आणि पालवणचे जसवंतराव दळवी. कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारता’त हे दोघे येतात. शृंगारपूर आज संगमेश्वर तालुक्यात, प्रचितगडाच्या पायथ्याला आहे. दळव्यांचे पालवणही याच जिल्ह्यातले. म्हणजे रात्रभर चिखल तुडवून, मागे तीनशे माणसे ठेवून आलेल्या महाराजांना शेवटचा अडथळा होता तो कोकणातल्या मराठ्यांचा. तो वेढा फोडून ते गडावर गेले.

हे वाचल्यावर काही काळ मी अस्वस्थ होतो, हे कबूल करतो. आमच्या शाळेत बाजीप्रभूंचा धडा शिकवताना गुरुजींचा आवाज भरून यायचा. वर्गात दोन सुर्वे आणि एक दळवी होते. त्यांच्याकडे कोणी वळून पाहिले नाही, कारण गोष्टीचा हा भाग आम्हांला कोणी सांगितलाच नव्हता. सांगायला हवा होता का? मला वाटते, हवा होता. मात्र सुर्व्यांना फितूर ठरवण्यासाठी नव्हे. सुर्वे आणि दळवी हे पिढ्यान्‌पिढ्या आदिलशाहीचे वतनदार. १६६० साली त्यांच्या दृष्टीने राज्य एकच होते, विजापूरचे. शिवाजी महाराज तेव्हा तिशीतले होते. राज्याभिषेकाला अजून चौदा वर्षे होती. वतन राखणे हाच त्या काळचा धर्म समजला जाई. तो धर्म मोडून नव्या माणसाबरोबर जाणे हेच असाधारण होते, आणि बांदलांचे मोल त्यातच आहे. सगळेच आपोआप एका बाजूला होते असे मानले, तर खिंडीतल्या माणसांनी काही निवड केली होती हेच आपण पुसून टाकतो.

विरुद्ध बाजूही तशीच गुंतागुंतीची. पन्हाळ्याचा वेढा बाहेरून फोडण्याचा प्रयत्न नेताजी पालकरांच्या फौजेने केला, तेव्हा त्यांच्याबरोबर सिद्दी हिलाल होता. त्या झटापटीत त्याचा मुलगा वाहवाह जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. एक सिद्दी वेढा घालतो, दुसरा सिद्दी तो फोडण्यासाठी पोटचा पोर गमावतो. एक मराठा खिंड लढवतो, दुसरा मराठा गडाची वाट अडवतो. सतराव्या शतकातली ही लढाई आजच्या रकान्यांत बसवता येत नाही.

या हिशेबाची वसुली मात्र पुढच्याच वर्षी झाली, आणि तीही आमच्याच जिल्ह्यात. सप्टेंबर १६६० मध्ये पन्हाळा आदिलशाहीकडे सोडून द्यावा लागला. फेब्रुवारी १६६१ मध्ये उंबरखिंडीत कारतलबखानाला कोंडल्यावर महाराज तसेच कोकणात उतरले. मार्चमध्ये राजापुरावर छापा पडला. वखार खणली गेली, रेव्हिंग्टन आणि त्याचे सोबती कैद झाले आणि सुमारे दोन वर्षे गडांवर अडकून पडले. इंग्रजांनी मागितलेल्या नुकसानभरपाईची बोलणी १६७४ च्या राज्याभिषेकापर्यंत चालू होती. हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला तो हे प्रकरणही घेऊन. एप्रिलच्या अखेरीस शृंगारपूर घेतले गेले आणि सूर्यराव पळून गेला. त्याआधी संगमेश्वरी तळावर सुर्व्यांनी रात्री हल्ला चढवला होता. तेव्हा घाबरून पळू लागलेल्या पिलाजी नीळकंठरावांना तानाजी मालुसऱ्यांनी दगडाला बांधून ठेवले, अशी हकिकत ‘शिवभारता’त आहे. पन्हाळ्यापासून संगमेश्वरापर्यंत ही एकच गोष्ट आहे. आपण तिचा मधलाच तुकडा कापून घरात लावला.

वाट कोणाची बाजू घेते

विशाळगडालाच का जायचे ठरले, याचे उत्तर नकाशात आहे. उत्तरेला आंबा घाट, दक्षिणेला अणुस्कुरा घाट. कोकणातली बंदरे आणि देशावरच्या पेठा यांना जोडणाऱ्या या दोन घाटांच्या मध्ये विशाळगड बसला आहे. गडाच्या पश्चिमेला माचाळचे पठार. तिथे मुचकुंदी नदी उगम पावते, प्रभानवल्लीवरून, साटवलीवरून वाहत पूर्णगडाला समुद्राला मिळते. पूर्वेला गजापूरच्या रानात कासारी उगम पावते आणि पंचगंगेला जाते. एकाच डोंगराच्या एका उतारावर पडलेला थेंब अरबी समुद्रात जातो आणि दुसऱ्या उतारावरचा बंगालच्या उपसागरात. विशाळगड या पाणवाटेवरचा पहारेकरी आहे. तो हातात असला की खाली उतरता येते आणि वर चढता येते.

हे रान परक्याला कधी सोसलेले नाही. १४५३ मध्ये बहमनी सरदार मलिक-उत्-तुज्जार खेळण्याच्या मोहिमेवर आला. त्याला वाट दाखवायला एक शिर्के होते. त्यांनी त्याला अशा अरण्यात नेऊन सोडले की जिथून फौज परत आलीच नाही. फिरिश्त्याने ही कत्तल नोंदवली आहे. पुढे १४७० च्या सुमारास महमूद गवानने खेळणा घेतला.

सर्वांत बोलका दाखला मात्र औरंगजेबाचा. १७०२ च्या जूनच्या सुरुवातीला परशुराम त्र्यंबक प्रतिनिधींनी वाटाघाटी करून विशाळगड खाली केला. बादशहाने त्याचे नाव सख्खरलना ठेवले आणि ऐन पावसात तो परत फिरला. जदुनाथ सरकारांनी फारसी साधनांवरून त्या परतीचा हिशेब दिला आहे. १० जूनला निघालेला लष्करी तळ पन्हाळ्याजवळ पोहोचला १७ जुलैला. अंतर तीस मैल, दिवस अडतीस. ओढे फुगलेले, उंट आणि हत्ती चिखलात रुतलेले, तंबू भिजून जड झालेले, माणसांना खायला नाही. हाच डोंगरपट्टा, हाच आषाढ. बेचाळीस वर्षांपूर्वी याच मुलखातून, याच पावसात, उलट्या दिशेने एक पालखी एका रात्रीत आणि एका दिवसात गेली होती.

या दोन आकड्यांपुढे मी नेहमी थांबतो. पालखी खांद्यावर घेणाऱ्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत. त्यांनी खांदे किती वेळा बदलले असतील, निसरड्या उतारावर पुढच्या भोयाने मागच्याला कशी खूण केली असेल, याची नोंद कोणी केली नाही. पण एक रात्र विरुद्ध अडतीस दिवस हा हिशेब त्यांच्याच बाजूने लागतो. बादशहाकडे माणसे कमी नव्हती, पैसा कमी नव्हता. त्याच्याकडे वाट ओळखणारा पाय नव्हता.

खिंडीत

२०२५ साली गुरुपौर्णिमा १० जुलैला होती. मी आणि माझे एक स्नेही दुसऱ्या दिवशी, आषाढ वद्य प्रतिपदेला, रत्नागिरीहून निघालो. हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा करत आंबा घाट चढलो. धुक्यात पुढच्या ट्रकचा मागचा दिवा तेवढा दिसत होता. आंबा गावातून रानातल्या रस्त्याने गजापुराकडे वळलो आणि खिंडीच्या अलीकडे गाडी ठेवून चालू लागलो. चिखलाचा वास, कारवीची झुडपे, आणि कुठूनही न दिसणारे पण सगळीकडून ऐकू येणारे पाणी.

खिंडीच्या तोंडाशी स्मारक आहे. तिथून खाली घळीत उतरायला लोखंडी जिना केलेला आहे. त्या दिवशी घळीत पाणी इतके होते की शेवटच्या पायऱ्या दिसत नव्हत्या. कठड्याला धरून आम्ही वरूनच पाहिले. दोन्ही बाजूंना काळा कातळ, मध्ये पांढरा लोट. बोललेले शेजारच्याला ऐकू येत नव्हते.

उन्हाळ्यात आलेल्या माणसाला ही घळ म्हणजेच खिंड, इथेच बाजीप्रभू दोन हातांत दोन तलवारी घेऊन उभे राहिले, असे सहज वाटते. पावसाळ्यात आलेल्याला ते वाटणे कठीण आहे. जुलैत या घळीतून माणूस जाऊ शकत नाही, पालखी आणि घोडे तर दूरच. म्हणून माझे मत असे की जुनी वाट घळीच्या तळातून नव्हे, तर तिच्या काठाने आणि तिला ओलांडून जात असणार; आणि लढाई एका चिरेत नव्हे, तर या साऱ्या चढणीवर, वळणावळणाला झाली असणार. तीनशे माणसांना काही तास मोठी फौज अडवायची असेल तर ती एका ओळीत उभी राहत नाहीत. थोडी लढतात, मागे सरतात, पुढच्या अडचणीच्या जागी पुन्हा उभी राहतात. जुन्या कागदांत ‘गजापूरची खिंड’ असा शब्द येतो तो मला अशा एका टापूचा वाटतो. हे मत चूक ठरू शकते. पण ते बरोबर असेल, तर आपण कठडा घालून जे जपले आहे तो रणभूमीचा एक कोपरा आहे. बाकीची रणभूमी रस्त्याला, खाणीला, बंगल्यांच्या प्लॉटना मोकळी आहे.

परतताना एका छपराखाली चहाला थांबलो. चूल फुंकणाऱ्या म्हाताऱ्या बाबांनी विचारले, “पाव्हणं, पन्हाळ्यास्नं आलासा?”

“नाही बाबा, रत्नागिरीहून.”

“म्हंजी खालनं आलासा,” ते म्हणाले, आणि हसून पुढे जोडले, “खालनं कोन येत न्हाई. समदी वरनंच येत्यात. मानसं येत्यात, फोटू काढत्यात, जात्यात. वाट आमी राखतो. पावसाळा सरला की झाडी तोडून वाट आमीच मोकळी करतो. न्हाईतर कशी घावंल?”

मी त्यांना विचारले, गोष्टीत तुमच्या गावाबद्दल काय सांगतात? ते म्हणाले, “गावाचं नाव हाय की गोष्टीत. आनी काय पायजे?”

राखणे म्हणजे काय

त्याच दिवशी, ११ जुलै २०२५ रोजी, संध्याकाळी घाट उतरून रेंजमध्ये आल्यावर फोनवर बातमी आली. युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. पन्हाळा त्यात आहे. आमच्या जिल्ह्यातला सुवर्णदुर्ग आहे. आनंद झालाच. पण थोड्या वेळाने हिशेबनिसाची सवय जागी झाली. यादीत पन्हाळा आहे, विशाळगड नाही. आणि दोघांना जोडणारी, जिच्यावर माणसे मेली ती वाट तर कुठल्याच यादीत नाही. ‘भूप्रदेश’ म्हटले, तरी आपल्या मनात अजून तटबंदीच येते.

आपल्याकडे गड राखायची कल्पना आहे. रणांगण राखायची नाही. उंबरखिंडीत चावणी गावाजवळ नदीच्या पात्रात स्मारकस्तंभ आहे, पानिपतात काला अंब आहे, पण ती खुणेची जागा. लढाईची जमीन म्हणून तिचे उतार, ओढे, वाटा जशाच्या तशा ठेवाव्यात, हा विचार बाहेरच्या देशांतही सहज आलेला नाही. वॉटर्लूचे उदाहरण घ्या. १८१५ च्या लढाईनंतर विजयाचे स्मारक म्हणून तिथे १८२६ पर्यंत मातीची प्रचंड टेकडी रचून तिच्यावर सिंह बसवला. त्यासाठी माती काढली ती रणभूमीतूनच. ज्या उंचवट्याचा वेलिंग्टनने आडोसा घेतला होता, तोच कापला गेला. माझे रणांगण यांनी बिघडवले, असे नंतर तो म्हणाला म्हणून सांगतात. पुढे १९१४ मध्ये बेल्जियमने कायदा करून उरलेली जमीन राखली. अमेरिकेत गेटिसबर्गचे रणांगण १८९५ पासून सरकारी उद्यान म्हणून जपलेले आहे. लोक नकाशा हातात घेऊन तिथल्या पाऊलवाटांनी दिवसभर फिरतात. तिथे जवळच्या खाजगी जागेत एक उंच निरीक्षण मनोरा उभा होता. तो २००० साली सुरुंग लावून पाडला, कारण १८६३ च्या सैनिकाला जे क्षितिज दिसले ते आजच्या पाहुण्यालाही दिसावे. ग्रीसमधल्या थर्मोपिलीचे नशीब वेगळे. बाजीप्रभूंची तुलना आपण नेहमी तिथल्या तीनशे स्पार्टनांशी करतो. पण अडीच हजार वर्षांत नद्यांच्या गाळाने समुद्र काही किलोमीटर मागे हटला, आणि डोंगर व समुद्र यांच्यामधली ती चिंचोळी वाट आज सपाट मैदान झाली आहे. तिथे उभे राहून कोणालाही ‘इथे कसे अडवले असतील?’ असा प्रश्न पडावा.

आपली खिंड अजून खिंड आहे. तिथे उभे राहिले की कसे अडवले असतील हे शब्दांशिवाय कळते. हे भाग्य थर्मोपिलीला नाही. म्हणून मला वाटते की इथे आता नवे काही बांधू नये. जिना पुरे, कठडा पुरे. जपायची आहे ती वाट: मसाई पठारापासून गजापुरापर्यंतची पायवाट, तिच्यावरचे ओढे, पाणवठे, देवराया, आणि ती वाट दरवर्षी मोकळी करणाऱ्या वाड्या.

वाड्यांचा उल्लेख मी मुद्दाम केला. १४ जुलै २०२४ रोजी, म्हणजे पाठ केलेल्या तारखेच्या दुसऱ्याच दिवशी, विशाळगडावरची अतिक्रमणे हटवण्याच्या मागणीसाठी जमलेल्या जमावातल्या काही जणांनी वाटेवरच्या गजापुरात मुसलमानवाडीतल्या घरांची, दुकानांची, वाहनांची आणि मशिदीची मोडतोड केली. गडावरची अतिक्रमणे हा कायद्याचा प्रश्न आहे आणि गड मोकळा असावा असे मलाही वाटते. पण गजापूर गडावर नाही. ते खिंडीचे गाव आहे. ज्या लढाईच्या नावात ते गाव आहे, त्या लढाईची आठवण काढायला आलेल्यांनी त्याच गावातली घरे फोडावीत, हे इतिहास न वाचल्याचे लक्षण आहे. वाचला असता तर सिद्दी हिलाल भेटला असता, सूर्यराव सुर्वे भेटला असता, आणि हात थोडा तरी थबकला असता. रणभूमी राखायची म्हणजे आधी तिच्यावर राहणाऱ्यांना राखायचे. चहा देणारे बाबा म्हणाले तसे, वाट तेच राखतात.

जेधे करीन्यात एक प्रसंग आहे. या लढाईनंतर मानाच्या पहिल्या पानाचा अधिकार बांदलांना द्यायचे महाराजांच्या मनात आले. तो मान तोवर जेध्यांचा होता. महाराजांनी कान्होजी जेध्यांना विचारले, आणि कान्होजींनी तो सोडला. खिंडीत रक्त सांडणाऱ्यांचा मान मोठा, हे मान्य करायला दुसऱ्या कोणी तरी आपले पान मागे घ्यावे लागते. रत्नागिरीकर म्हणून आपल्याकडून त्या गोष्टीला द्यायचे असेल तर मला वाटते ते हेच आहे. आपल्या बाजूचे अवघड पान लपवू नये. राजापुरात, शृंगारपुरात, प्रभानवल्लीत एकेक साधा फलक असावा. पन्हाळ्यावर पडलेले गोळे इथल्या वखारीतून गेले. विशाळगडाचा वेढा इथल्या सरदाराने घातला. पुढच्या वर्षी हिशेब इथेच चुकता झाला. त्यामुळे कोणाचा मान कमी होत नाही, बांदलांचा वाढतो.

पुढच्या आषाढी पौर्णिमेला आम्ही सहा-सात जण खालून जायचे म्हणतो आहोत. प्रभानवल्लीहून माचाळ, माचाळहून दरी उतरून विशाळगड, बाजी आणि फुलाजी प्रभूंच्या समाध्यांना नमस्कार, आणि तिथून उलटे चालत खिंडीपर्यंत. मंडळींत दळवी आडनावाचे एक स्नेही आहेत. बेत ऐकून ते म्हणाले, “म्हणजे आम्ही पुन्हा वेढा घालायलाच जायचं म्हणा की.”

मी म्हटले, “या वेळी उठवायला जाऊ.”